देवयानीच्या दोन पाती

देवासच्या मोठ्या रस्त्यात मधोमध उभं राहिलं की माणसाचा डावा पाय एका राज्यात असायचा आणि उजवा दुसऱ्या. महाराज दोन, दिवाण दोन, तुरुंग दोन, आणि गाव एक. पूर्वी कधी दोन भावांनी राज्य वाटून घेतलं, तेव्हापासून एक थोरली पाती आणि एक धाकटी पाती. टेकडीवर पाहावं तर तिथे देवीही दोन, एक थोरली नि एक धाकटी. महाराजांचं आपसांत काय असेल ते असो. पण दोन्हीकडच्या कोठ्यांवर बसलेल्या कारकुनांना वाटणीचं असं व्यसन जडलं होतं की समोर एखादी जांभई आली असती तरी त्यांनी ती अर्धी अर्धी करून घेतली असती.

अशा गावाला एका गोऱ्या साहेबाने दुर्बीण भेट दिली. साहेब शिकारीला आला, जेवला, खूश झाला आणि परत गेल्यावर पितळी पट्टीवर ‘देवासच्या दरबारास सप्रेम’ असं कोरून दुर्बीण पाठवून मोकळा झाला. कुठल्या दरबारास? त्या शहाण्याला इथे दोन आहेत हेच ठाऊक नव्हतं. गोष्ट वर गेलीच नाही. कोठीवाल्यांनी खालच्या खाली निकाल लावला. नळी आणि तिवई थोरल्या पातीच्या कोठीत, भिंगं धाकट्या पातीच्या कोठीत. वाटणी चोख झाली म्हणून दोघांनी एकमेकांना पेढे भरवले. तेव्हापासून थोरल्या पातीत एक नळी होती, तिच्यातून काही दिसत नव्हतं; आणि धाकट्या पातीत भिंगं होती, त्यांच्यावर उन्हाळ्यात कारकून विड्या पेटवत.

हे ऐकून धारच्या सुमंगलाबाई हसल्या नाहीत. त्यांचं डोकंच फिरलं.

सुमंगलाबाई धारला मुलींच्या शाळेत शिकवत. नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत प्लेगात गेला. नाव सुमंगला आणि कपाळ मोकळं. यावर ज्यांना हसायचं ते हसून झाले, ज्यांना रडायचं ते रडून झाले, आणि बाई दोघांनाही कंटाळून इंग्रजी शिकल्या. इंदूरच्या एका मिशनरीणबाईंकडून जुनी विलायती मासिकं आणून त्या वाचायच्या. त्यातल्या एका अंकात तेजोमेघाचं छायाचित्र आलं होतं. मधे लखलखीत गाभा, आणि त्याच्या दोन बाजूंनी निघून भोवऱ्यासारखे वळत गेलेले दोन झोत. चित्र दुसऱ्याच एका मेघाचं होतं. पण देवयानी नक्षत्रात जो पुसट डाग नुसत्या डोळ्यांनी दिसतो तोही असाच भोवरा आहे, फक्त आपल्याला जरा आडवा दिसतो, असं खाली छापलेलं होतं.

त्या चित्राने बाईंची झोप उडवली. विलायतेतल्या पंडितांत त्यावरून तट पडले होते. एक तट म्हणे, हा तापलेला वायू आहे, घुसळून घुसळून त्यातून नवा सूर्य नि ग्रह निघताहेत, ताकातून लोणी निघावं तसे. दुसरा म्हणे, छे, ही सूर्यांचीच वस्ती आहे, आपल्या आकाशगंगेएवढी, इतकी लांब की त्यातले कोट्यवधी सूर्य मिळून बोटभर धूर दिसतो. बाई दुसऱ्या तटाच्या. पुरावा? पुरावा कुणाकडेच नव्हता. पण आपली अख्खी आकाशगंगा म्हणजे दुसऱ्या कुणाच्या अंगणातून दिसणारा बोटभर धूर, हे मनात आलं की बाईंना गुदगुल्या व्हायच्या. पोळ्या करताना व्हायच्या, देवळात व्हायच्या, एकदा तर श्राद्धाच्या पंगतीत झाल्या आणि चुलतसासू बोलायची थांबली ती महिनाभर.

तेच त्यांनी शाळेत मुलींना सांगितलं. मुली घरी जाऊन बोलल्या. शाळेच्या मंडळातले एक गृहस्थ तणतणत आले. “बाई, आभाळ शिकवायचं तर आभाळ दाखवायचं यंत्र आणा. नुसत्या गप्पा पुरेत. दिवाळीनंतर यंत्र नसेल तर त्या तासाला विणकाम.”

विणकाम! ज्या पोरींनी “बाई, त्या वस्तीतल्या पोरींना आपण दिसत असू का?” असं विचारलं होतं, त्यांच्या हातात सुया द्यायच्या आणि टाके मोजायला लावायचे. बाईंनी मुलींना शब्द दिला, दिवाळीहून येताना दुर्बीण आणते. आणि त्या भाऊबीजेला देवासला भावाकडे आल्या. भाऊ म्हणजे कृष्णराव पागनीस, धाकट्या पातीचा कोठीवाला. ज्याच्या ताब्यात भिंगं, तोच.

ओवाळून झालं. कृष्णरावाने तबकात लुगडं ठेवलं.

“लुगडं राहू दे, किसन. दुर्बीण घाल.”

“ताई, तू काय लहान आहेस का? भिंगं माझ्याकडे आहेत, पण नळी तात्या बोंद्र्यांकडे. आणि भिंगं त्या नळीत घालायची म्हणजे धाकट्या पातीने थोरल्या पातीत शिरायचं. नाक कापलं जाईल आमचं.”

“आहे कुठे नाक? विड्या पेटवून पेटवून जळलं असेल.”

कृष्णरावाची बायको मालन पदराआड फिसकन हसली. “वन्सं, तात्यांकडे मीही येते तुमच्याबरोबर,” ती म्हणाली. “त्यांचं नि ह्यांचं बोलणं मला एकदा समोरून ऐकायचंय.”

कृष्णराव कुरकुरत का होईना निघाला, आणि तिघं रस्ता ओलांडून थोरल्या पातीत गेली. तात्यासाहेब बोंद्रे ओटीवर बसले होते. थोरल्या पातीचे कोठीवाले, पोट पुढे, पगडी त्याहून पुढे. कृष्णराव खालीच, रस्त्यावर उभा राहिला. बोलवल्याशिवाय चढणार नाही म्हणाला. तात्यांनी बोलावलं नाही.

बाईंनी मासिक उघडून तात्यांच्या पुढ्यात धरलं. “तात्यासाहेब, हा मधला गाभा. आणि ह्या बघा, ह्याच्यातून दोन पाती निघाल्यात.”

आता बाईंच्या मनात गवताची पाती होती. धारला पाती म्हणजे गवताची नाहीतर चाकूची. त्या मासिकातल्या इंग्रजी शब्दाला मराठी शब्द नव्हता, त्यांनी हाताशी आला तो लावला. पण देवासात तो शब्द उच्चारणं म्हणजे भरल्या कोठारात काडी ओढणं.

तात्या ताठ झाले. “पाती? आकाशात?”

“हो. एका गाभ्यातून निघालेल्या दोन पाती.”

“एकाच मूळपुरुषापासून!” तात्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. “गणोजी, इकडे ये, हे बघ. आभाळात देवास आहे!”

पहाऱ्यावरचा गणोजी वाकून बघू लागला. रस्त्यावरून कृष्णराव ओरडला, “थोरली कोणती त्यातली?”

“ही, ही लांबडी. आंधळ्यालाही कळेल.”

“लांबडी असेल, फिकी आहे! दुसरी बघा, कशी झगझगते. ती धाकटी.”

“कृष्णराव, वर या, नीट बघा, मग बोला!”

आणि कृष्णराव पागनीस नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा तात्या बोंद्र्यांच्या ओटीवर चढला. मालनने बाईंच्या दंडाला चिमटा काढला.

बाईंना आपली चूक कळली. दोघेही आता दुर्बीण जोडायला एका पायावर तयार होते. आपापली पाती प्रत्यक्ष बघायची होती ना! पण एवढ्याशा दुर्बिणीतून पाती दिसत नाहीत. त्या दिसतात मोठ्या वेधशाळांतल्या छायाचित्राच्या काचेवर, तासन्तास उजेड साठवल्यावर. ह्या नळीतून दिसणार तो एक धुरकट ठिपका. तो बघून हे दोघे काय करतील? एक नळी उचलून घरी नेईल, दुसरा भिंगं. आणि धारच्या पोरी टाके मोजतील.

“बघायच्या आधी माझी एक अट आहे,” बाई म्हणाल्या. “बघून झालं की दुर्बीण धारच्या शाळेला द्यायची.”

“आधी पाती दिसू द्या,” तात्या म्हणाले.

“पाती दिसली की मग दुर्बीणच काय मागाल ते,” कृष्णराव म्हणाला.

दुर्बीण मांडायची कुठे? थोरल्याच्या अंगणात धाकटी येणार नाही, धाकट्याच्या अंगणात थोरली जाणार नाही. म्हणून रस्त्याच्या मधोमध. दिवेलागणीच्या आधी गणोजीने तिवई आणली आणि तिथे पुन्हा गाडी अडली. एक पाय थोरल्या हद्दीत, एक धाकट्या. तिसरा?

“तिसरा आमच्याकडे. थोरलेपणाचा मान.”

“मग भिंगं परत नेतो.”

“न्या! नळी काय, छपराला परनाळ म्हणून वापरू.”

सुमंगलाबाई तरातरा घरात गेल्या आणि आपली लाकडी पेटी ओढत घेऊन आल्या. रस्त्यात दाणकन ठेवली. “ही पेटी धारची. हिच्यात धारचे कपडे आहेत, धारचा साबण आहे. तिसरा पाय धारच्या जमिनीवर. दुसरे दोन खाली विटा लावून उचला. कुणाला काही म्हणायचंय?”

कुणाला नव्हतं. भिंगं नळीत बसली. आपापलं ठिकाण बरोबर ओळखून बसली, वाटणीचा त्यांना काही पत्ता नव्हता. उजेड होता म्हणून बाईंनी नळी टेकडीकडे वळवून पाहिली आणि तात्यांना बघायला दिली.

“अरे देवा! टेकडी उलटी! देऊळ खाली लोंबतंय!”

“आकाशाच्या दुर्बिणीत उलटंच दिसतं. आकाशाला वर-खाली नसतं.”

“म्हणजे डाव्याचं उजवं?” कृष्णरावाचे डोळे बारीक झाले. “मग थोरली म्हणून दिसेल ती धाकटी असेल, तात्या, आताच सांगून ठेवतो!”

तोवर अर्धं गाव जमलं होतं. दोन्ही पातींचे शिपाई, भाऊबीजेला आलेल्या माहेरवाशिणी, नव्या लुगड्यांचा वास, आणि कढई विस्तवावरून उतरवून आलेला मांगीलाल हलवाई. “कंई दिखी रियो हे, भिया?” तो ज्याला त्याला विचारत होता, आणि ज्याला त्याला काही ठाऊक नसल्याने जो तो उत्तर देत होता. कुणी म्हणालं आभाळात देवास सापडलंय. कुणी म्हणालं दोन महाराजांच्या पुण्याईचे दोन झोत आहेत. बीजेची चंद्रकोर बुडाली, अंधार दाटला, तारे आले.

बाईंनी भाद्रपदेचा मोठा चौकोन शोधला, त्याच्या कोपऱ्यातून ताऱ्यामागे तारा धरत नळी सरकवली. आणि मग तो आला.

लांबट, मऊ, मधे जरा उजळ. कुणीतरी काचेवर श्वास सोडावा आणि तो तिथेच थांबावा, तसा. सुमंगलाबाईंनी इतकी वर्षं नुसतं वाचलेलं ते तिथे होतं, खरोखर होतं, कुणाच्याही परवानगीशिवाय. त्यांना मोठ्याने ओरडावंसं वाटलं. त्यांनी मालनचा हात इतका दाबला की एक बांगडी पिचली.

“बघितलंत?” तात्या मागून म्हणाले. “आता सरका.”

“एक सांगते आधी,” बाई म्हणाल्या, कारण गप्प राहवेना. “अमेरिकेतल्या एका वेधशाळेत ह्याचा वेग मोजलाय. हा मेघ आपल्याकडे धावत येतोय.”

“इकडे?” गणोजी दचकला. “देवासला?”

“थोरल्या पातीत पडणार का धाकट्या?” गर्दीतून कुणी विचारलं.

“ज्यांच्यात पडेल त्यांनी उचलायचा!” दुसरा ओरडला, आणि रस्ता खदाखदा हसला.

तात्यांनी पगडी काढून गणोजीकडे दिली आणि डोळा भिंगाला लावला. हसू थांबलं. तात्या बघत राहिले. एक डोळा, मग दुसरा. मग त्यांनी घसा साफ केला. कृष्णराव दोन हात अंतरावर उभा होता.

“वा,” तात्या म्हणाले. “वा वा! काय थोर आहे! अशी पसरलीय... झालर असल्यासारखी.”

सुमंगलाबाईंच्या कानशिलांत रक्त चढलं. झालर? कुठली झालर?

“सरा तात्या,” कृष्णरावाने डोळा लावला. मग दुसरा लावून पाहिला. “आहा! आणि धाकटी! तिला तर टोकाशी हिरे जडवलेत. तुमची काय झालर घेऊन बसलात!”

“टोकाशी आमच्याही आहेत. मी बोललो नाही, विनयाने.”

मग काय, रीघ लागली. थोरल्या पातीच्या शिपायाला थोरली दिसली, धाकट्याच्या शिपायाला धाकटी. एका म्हाताऱ्याला दोन्हीत हत्ती दिसले. मांगीलालला जिलेबी दिसली. “घणी मोटी जलेबी, भिया! पाक टपकी रियो हे!” सगळा रस्ता नाचायच्या बेतात होता. तात्या बाईंकडे वळून म्हणाले, “बाई, तुमचं काम झालं. उद्या दुर्बीण न्या धारला. देवासचं नाव सांगा तिथे.”

झालं होतं की. मिळाली होती. एक शब्द बोलायचा नव्हता, नुसती मान हलवायची होती.

पण सुमंगलाबाईंची जीभ ही अशी. उद्या शाळेत पोरी डोळा लावतील आणि विचारतील, बाई, पाती कुठे आहेत? काय सांगायचं त्यांना? दिसत नसलं तरी दिसतंय म्हणा?

“तात्यासाहेब,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला पाती दिसल्या नाहीत.”

मालनने डोळे मिटले.

“ह्या दुर्बिणीतून कुणालाच दिसत नाहीत. मलाही नाही दिसल्या. एक धुरकट ठिपका दिसतो, तो लांबट असतो आणि मधे जरा उजळ असतो. बस. पाती आहेत, पण त्या बघायला घराएवढी दुर्बीण लागते. झालर नाही, हिरे नाहीत, हत्ती तर नाहीतच नाहीत.”

तात्यांचं तोंड उघडं पडलं. त्यांनी कृष्णरावाकडे पाहिलं. कृष्णरावाने आपल्या जोड्यांकडे पाहिलं. आता हा नळी उचलणार, बाईंना वाटलं. आणि तो भिंगं.

“ठिपका?” तात्या हळूच म्हणाले.

“ठिपका.”

“म्हणजे माझे डोळे गेले नाहीत?” तात्या मटकन पेटीवर बसले, नळी डगमगली, गणोजीने धरली. “अहो, मला वाटलं, झालं, मोतीबिंदू! ह्या पागनिसाला हिरे दिसताहेत आणि मला एक भस्माचं बोट!”

“हिरे कुठले हो तात्या!” कृष्णराव ओरडला. “तुम्ही झालर म्हणालात म्हणून मी हिरे म्हणालो! मलाही भस्माचंच बोट!”

“एकच?”

“एकच!”

“दोघांना एकच?”

आणि तात्या बोंद्रे हसू लागले. पोट हललं, मग खांदे, मग डोळ्यांतून पाणी. कृष्णराव त्यांच्या गुडघ्याला धरून रस्त्यातच बसला. शिपाई हसले, बायका हसल्या, हत्ती पाहिलेला म्हातारा सगळ्यांत जोरात हसला. मांगीलाल तेवढा म्हणत राहिला की जिलेबी त्याला खरंच दिसली. दोन्ही पातींच्या माणसांनी आज एकच गोष्ट पाहिली होती, आणि ती कुणाच्याच बापाची नव्हती. बाईही हसत सुटल्या, भर रस्त्यात, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी.

पण हसू ओसरलं आणि तात्यांनी नळीवरून हात फिरवला. तो हात बाईंना आवडला नाही.

“कृष्णराव,” ते म्हणाले, “चीज आहे हो. इथेच ठेवू या. रोज बघू.”

“मीही तेच म्हणणार होतो,” कृष्णराव म्हणाला.

“शब्द दिलात तुम्ही!” बाई कडाडल्या.

“शब्द पाती दिसल्यावरचा होता, ताई. तूच म्हणालीस, दिसत नाहीत.”

खरं बोलण्याचा हा मोबदला. बाईंनी दातओठ खाल्ले. समोर उभे राहून दोघे पहिल्यांदा एका बाजूला झाले होते, आणि कुणाविरुद्ध? मग त्यांच्या ध्यानात आलं की ह्या दोघांना एकमत मानवत नाही. ते फोडायला लागायचं काय, तर वाटणी.

“ठीक,” त्या म्हणाल्या. “एका गाभ्यातून थोरली निघाली, धाकटी निघाली. धारचे पवार महाराज कोण, तेही तुमच्या महाराजांच्याच कुळातले. धारची तिसरी पाती. वर्षाची वाटणी करा. चार चार महिने प्रत्येकी.”

वाटणी म्हटल्यावर दोघांच्या अंगात संचार झाला.

“पहिली निवड थोरल्याची,” तात्या उसळले. “श्रावण आमचा! सगळ्या महिन्यांत पवित्र.”

“मग आषाढ आमचा. देव झोपतात तो महिना, काय समजलात!”

“भाद्रपद आमचा, गणपती!”

“ज्येष्ठ आमचा, वटपौर्णिमा. आणि चैत्र, पाडवा.”

“आश्विन आमचा, दसरा! आणि वैशाख, अक्षय्य तृतीया!”

“फाल्गुन, होळी!”

दोघांचे चार चार महिने भरले आणि दोघे दमून थांबले. उरले कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ. कार्तिक तर आता लागलाच होता. दिवाळीतली भाऊबीज वाटणीत दोघांनाही मिळाली नाही हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. तात्यांना थोडं वाईट वाटलं.

“बाई, तुमच्या वाट्याला पौष आला. शुभकार्याला निषिद्ध.”

“चालवून घेऊ,” सुमंगलाबाई खाली बघत म्हणाल्या.

“थंडी फार असते हो त्या दिवसांत. बाहेर उभं राहवत नाही.”

“शाली घेऊ.”

पितळी पट्टीवर हात ठेवून दोघांनी शपथ घेतली, देवीची, थोरल्या नि धाकट्या दोन्ही देवींची. गणोजीने तिवई मिटून दुर्बीण कृष्णरावाच्या घरी पोचवली. लोक घरोघर पांगले.

घरात आल्यावर मालनने दार लावलं आणि कुजबुजली, “वन्सं, आषाढ-श्रावणात आभाळ कुठे दिसतं हो? ढगच असतात सगळे. आणि भाद्रपदातही.”

“मला कुणी विचारलं का?”

“नाही.”

“मग? विचारलं असतं तर सांगितलं असतं.” सुमंगलाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता तो काढला आणि पुन्हा कोंबला. “जा, दोरी आण. आणि गोधडी आण जुनी, नळी बांधायचीय. पहाटेच निघते, ह्या दोघांना पंचांग आठवायच्या आत.”